लेझीम : माळ्यावर सापडलेलं धनुष्य आणि एका शब्दाचं मूळ

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. शब्दांच्या या विभागात मी आजवर नुसता वाचक होतो. हा माझा पहिलाच धागा.

गावचं घर शाकारायचं होतं म्हणून मागच्या आठवड्यात माळा रिकामा केला. फुटका रांजण, काथ्याचे दोर, मोडलेलं पेरणीचं चाडं, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं एक धनुष्य. निदान मला ते धनुष्य वाटलं. अंगठ्याएवढ्या जाडीची भरीव बांबूची काठी, दोन्ही टोकांकडे वाकलेली, आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी. साखळीच्या कड्यांत पत्र्याच्या गोल चकत्या ओवलेल्या. बऱ्याचशा गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. साखळीच्या मधोमध मुठीत धरायची लांबट कडी होती. तिच्यावर मात्र गंज नाही, वापरून वापरून ती आतल्या बाजूनं आरशासारखी गुळगुळीत झाली आहे.

वडिलांना दाखवलं. त्यांचं वय ८३. एका क्षणात म्हणाले, "अरे, ही आप्पांची लेझीम!" आप्पा म्हणजे माझे आजोबा. तालमीत जायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

शाळेत मीही लेझीम खेळलो आहे. पण आमची लेझीम म्हणजे हातभर लाकडी दांडा आणि खुळखुळती साखळी. ही वस्तू तशी नाही. मोजली तर अडीच फुटांना बोटभर कमी भरली. वाण्याच्या काट्यावर सव्वा किलो. हातात घेतली की मनगट आपोआप खाली जातं. ही घेऊन माणूस नाचत असेल असं वाटत नाही.

त्या दिवसापासून हा शब्दच डोक्यात बसला आहे. लेझीम म्हणजे नेमकं काय? हे त्या वस्तूचं नाव, की नाचाचं, की व्यायामाचं? आणि शब्द कुठला? शाळेत आमच्या बाईंनी 'लय' आणि 'झिम' मिळून लेझीम असं सांगितलं होतं. भाची म्हणते 'ले, झीम!' असा तो पुकारा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

आजोळ

धागा फार आवडला. आम्हालाही लहानपणी 'लय' आणि 'झिम' हेच सांगितलेलं. साखळी हलली की आवाजही तसाच येतो, त्यामुळे कधी शंका आली नाही. 'झिम्मा' हा शब्द त्यातलाच असावा का?

नवखा

माझ्या माहितीप्रमाणे तो 'लाजीम'वरून आला. जुन्या पत्रांमध्ये 'हे करणे तुम्हास लाजीम आहे' असं वाक्य येतं, म्हणजे आवश्यक, कर्तव्य. सैनिकांना हा व्यायाम सक्तीचा होता म्हणून लाजीम, आणि त्याचं झालं लेझीम. एका व्याख्यानात ऐकलं होतं.

शब्दवेडी

कृष्णाकाठदादा, तुम्ही पहिल्या नजरेत त्या वस्तूला धनुष्य म्हणालात ना? शब्दाचं उत्तर तिथेच आहे. लेझीम म्हणजे धनुष्यच.

मूळ शब्द फारसी आहे, 'लेज़म'. उच्चार 'लेज़िम' असाही होतो. अर्थ : सरावाचं धनुष्य. १८८४ साली निघालेल्या प्लॅट्सच्या उर्दू कोशात हा शब्द आहे. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं, कसरतीसाठी वापरायचं धनुष्य, असा त्याचा अर्थ तिथे येतो. तुमच्या माळ्यावरच्या वस्तूचं वर्णन करायला कोणी बसलं तर याहून वेगळं काय लिहील?

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिरंदाजाला खरी ताकद लागते ती प्रत्यंचा ओढायला. दंड, खांदे आणि पाठीचा वरचा भाग तयार नसेल तर युद्धातलं धनुष्य वाकतच नाही. ती ताकद कमवायला बाण न लावता नुसतं ओढायचं धनुष्य वापरत. दोरी पुन्हापुन्हा ओढली की झिजते, तुटते. साखळी तुटत नाही, शिवाय वजन वाढवते. तिच्यात चकत्या ओवल्या की प्रत्येक ओढीला आवाज होतो, मोजदाद राहते आणि ओढ सारखी झाली की नाही हे कानाला कळतं. म्हणजे ज्या आवाजावर पुढे नाच उभा राहिला तो आवाज आधी सरावाच्या सोयीचा होता.

आता 'लय' आणि 'झिम'. हे ऐकायला गोड आहे, पण मराठीत असा समास होत नाही. 'लय'चं 'ले' का व्हावं?  शब्दाचा अर्थ विस्मरणात गेला की लोक त्याच्या आवाजातून नवा अर्थ घडवतात, तसं इथे झालं. आजोळ, झिम्म्याचं म्हणाल तर तो नादावरून आलेला शब्द वाटतो. त्याचा लेझीमशी संबंध नाही.

नवखा, 'लाजीम' हा अरबी शब्द आहे. त्याचं धातुरूप ल-ज़-म, मुलाज़िम हा त्याच घरातला. 'लेज़म'शी त्याची गाठ फक्त ऐकण्यापुरती. आणि शब्द सक्तीवरून आला असता तर तो वस्तूला न चिकटता व्यायामाला चिकटला असता. आपण 'लेझीम हातात घे' म्हणतो, ते वस्तूचंच नाव आहे.

उच्चारातही एक खूण आहे. 'माझा' म्हणून बघा आणि मग 'माझी' म्हणा. पहिल्यातला झ दातांजवळचा, दुसऱ्यातला टाळूजवळचा. मराठीत इ, ई, ए पुढे आले की झ टाळूकडे सरकतो. 'लेझीम'मध्ये झ ला ई लागली आहे, तरी आपण तो दातांजवळच ठेवतो. काझी, गाझी, वझीर यांतही तसंच. हे सगळे फारसीच्या वाटेनं आलेले. त्या झ मध्ये मूळचा ज़ अजून जिवंत आहे.

जुनीवही

शब्दवेडी, धनुष्याशी सहमत. उच्चाराच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. 'मर्जी' हाही फारसीतून आला आणि तिथेही ज़ होता, पण आपण तो टाळूजवळच म्हणतो. 'अर्जी'चंही तेच. बुद्धिबळात कोणी वजीर म्हणतं, कोणी वझीर. म्हणून उच्चार हा एकटा पुरावा धरू नये.

शब्दवेडी

बरोबर आहे, माझं वाक्य जास्त ठाम झालं. असं म्हणू : काही शब्दांनी मराठीत येऊन ज़ सोडला, काहींनी राखला. 'लेजीम' असंही लिहिलेलं आढळतं, म्हणजे हा शब्दही दोन्ही वाटांवर हिंडून आलेला दिसतो. उच्चार पुरावा म्हणून नको, साक्षीदार म्हणून चालेल.

पी.टी.मास्तर

मी ३१ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. धागा वाचून राहवलं नाही.

कृष्णाकाठ, तुमच्याकडे सापडली ती 'घोरडी' लेझीम. बांबूच्या लांब काठीची, धनुकलीसारखी, वजनदार. शाळेत तुम्ही जी खेळलात ती 'कोयंडा' लेझीम : दीड फुटाच्या आतबाहेरचा लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना साखळी, साखळीच्या मध्ये धरायला लोखंडी कडी. कोयंडा हा दाराचा शब्द आहे, कडी-कोयंड्यातला. सगळ्या मुलांना आधी हे विचारायचो, दाराला काय असतं? कडी. कडी कशात अडकते? कोयंड्यात. मग हात लेझमीत कुठे अडकतो? मुलांना ते नाव मग जन्मभर विसरायला होत नसे.

घोरडी ताकदीची, कोयंडा चपळाईचा. घोरडी उघडायची म्हणजे खरोखर धनुष्य ओढल्यासारखी छाती रुंद करायची. कोयंड्याचा दांडा वाकतच नाही, त्यामुळे ओढायचं काही उरत नाही. उरतो तो ठोका आणि पदन्यास. माझ्या मते लेझमीचा व्यायामाकडून नाचाकडे जो प्रवास झाला तो या काठीच्या लांबीत दिसतो. काठी आखूड आणि ताठ झाली, हात मोकळे झाले आणि पाय बोलायला लागले.

भाषेचंही एक सांगतो. आमच्या आज्ञा अशा : 'हुशार', 'लेझीम स्कंध', 'चार आवाज', 'एक जागा', 'पवित्रा', 'दो रुख', 'आगे फलांग', 'पीछे फलांग', 'आराम'. मराठी शाळेच्या मैदानावर, मराठी मास्तर, मराठी मुलं, आणि आज्ञा अशा मिश्र. 'स्कंध' संस्कृत, 'रुख' फारसी, 'पवित्रा' आपल्या आखाड्यातला. 'हुशार' म्हणजे सावध. तो मूळ फारसी अर्थ फक्त या आज्ञेत शिल्लक आहे, कारण एरवी मराठीत हुशार म्हणजे बुद्धिमान. पाचवीतल्या एका मुलानं मला विचारलं होतं, "सर, आम्ही काही केलंच नाही अजून, तुम्ही आम्हाला हुशार का म्हणता?" त्या दिवशी सगळ्या वर्गाला 'होश' आणि 'हुशार' यांचं नातं समजावून सांगितलं.

सांघिक व्यायामाला अशा हिंदी आज्ञा मिळाल्या त्यात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांचा मोठा वाटा आहे. तालमीत एकेकट्यानं करायच्या गोष्टी त्यांनी रांगेत, एका आज्ञेवर शेकडो मुलांनी करण्याजोग्या बसवल्या. लेझीम त्यात सुरेख बसली, कारण चुकलेला हात दिसण्याआधी ऐकू येतो.

परदेशस्थ

शब्दवेडी आणि मास्तर, दोघांचं वाचून अंगावर काटा आला. मी कामानिमित्त इराणमध्ये गेलो होतो, तेव्हा यझ्दमधला झूरखाना पाहिला. झूरखाना म्हणजे जोरखाना, आपल्या 'जोर काढणे'मधला तोच जोर. जमिनीत उतरून जायचा अष्टकोनी हौदा असतो, त्याला ते 'गोद' म्हणतात. वर ओट्यावर 'मुर्शिद' बसतो. तो मोठा ढोल वाजवतो, घंटा वाजवतो आणि 'शाहनामा' या फारसी महाकाव्यातल्या ओळी गातो. खाली पहिलवान त्या ठेक्यावर कसरत करतात. आधी जोर, मग लाकडी 'मील' फिरवणं. ते मील म्हणजे आपली जोडी, मुद्गल. पाहताक्षणी ओळखले.

शेवटी एक जण हौद्याच्या मध्ये आला आणि त्यानं लोखंडी धनुष्य उचललं. दोरीच्या जागी जाड साखळी, साखळीत चकत्या. तिकडे त्याला 'कब्बादे' म्हणतात. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एक हात सरळ, दुसरा कोपरात वाकलेला, खरोखर बाण सोडतानासारखा. वजन दहा किलोंच्या पुढे असतं, म्हणजे नाचण्याचा प्रश्न नाही. पण तो आवाज! खण्ण, खण्ण, खण्ण. डोळे मिटले असते तर मी आमच्या शाळेच्या १५ ऑगस्टच्या मैदानावर असतो. शेजारच्या इराणी गृहस्थांना मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की आमच्याकडे याच्यावर मुली नाचतात. त्यांना ते खरं वाटेना, म्हणून मोबाइलमधला भाचीच्या शाळेचा व्हिडिओ दाखवला. तो त्यांनी तीनदा पाहिला.

झूरखान्याच्या या परंपरेला युनेस्कोनं २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आहे.

नवखा

हे सगळं वाचून ज्ञानात भर पडली, पण खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं. लेझीम म्हणजे आपली, मातीतली, असं आजवर मानत आलो. मिरवणुकीत ढोलाबरोबर ती वाजली की ऊर भरून येतो. तिचं नावच बाहेरचं निघावं?

शब्दवेडी

नवखा, तुमची भावना समजते. पण शब्द इथे येऊन काय काय झाला ते बघा.

बहमनी काळापासून पुढची काही शतकं दख्खनच्या दरबारांत आणि लष्करांत फारसी चालत होती. मराठे सरदार आणि शिलेदार त्या लष्करांत होते. शब्द हत्यारांबरोबर आले, शाळेतून आले नाहीत. तालमीत उभं राहून नुसते शब्द मोजा : पहिलवान, कुस्ती, जोर, वस्ताद, आणि खुद्द तालीम. 'तालीम' मूळ अरबी, अर्थ शिक्षण. इल्म, आलिम ही तिची भावंडं. तिकडे ती वर्गात राहिली, आपल्याकडे तिला लाल माती लागली. पुढे नाटकवाल्यांनीही ती उचलली.

धनुष्याचंही तसंच. फारसीतला धनुष्याचा नेहमीचा शब्द 'कमान'. तो मराठीत आला आणि वाड्याच्या दरवाज्यावर जाऊन बसला. कारण आकार तोच. आज 'कमान' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे बाण येतो? म्हणजे धनुष्याची दोन नावं आपल्याकडे आली. एक दगडात वळलं आणि स्वागताची कमान झालं, दुसरं हातात खुळखुळलं आणि नाच झालं.  हे मराठीनं केलं.

व्याकरणानंही तिला घरात घेतलं आहे. तालीम, तालमी, तालमीत. तसंच लेझीम, लेझमी, लेझमीच्या तालावर. मधली ई गाळून आपण तिला विभक्ती लावतो, अगदी नकळत. पाहुण्याला कोणी असं हक्कानं वाकवत नाही.

आजोळ

मला व्याकरणातलं फार कळत नाही, पण एक गोष्ट मनात आली. आपण 'लेझीम नाचणे' म्हणत नाही. लेझीम 'खेळतो'. फुगडी खेळतो, झिम्मा खेळतो, टिपऱ्या खेळतो. पिंगा आणि गोंधळ घालतो. लावणी करतात, सादर करतात, लावणीवर नाचतात. पण लेझमीला कोणी 'नाच' हे क्रियापद लावलेलं माझ्या कानावर नाही. असं का?

पी.टी.मास्तर

आजोळताई, फार मोलाचं निरीक्षण आहे. मुलांना वर्षानुवर्षं 'खेळा रे' म्हणत आलो, पण कधी असा विचार केला नव्हता.

माझा अंदाज असा. आपल्याकडे प्रेक्षकांसमोर उभं राहून केला जातो तो नाच. सगळ्यांनी मिळून, हातात हात किंवा वस्तू घेऊन, एकमेकांकडे बघत केला जातो तो खेळ. लेझमीत रिंगण असतं, जोड्या असतात, समोरासमोर येऊन ठोका देणं असतं. खेळणारा आधी शेजाऱ्याकडे बघतो, मग बघणाऱ्याकडे. शिवाय ती आखाड्यातून आली, आणि आखाड्यातल्या माणसाला 'नाचतोस' म्हटलेलं आवडलं नसतं, हेही एक कारण असेल.

कृष्णाकाठ, एक विनंती. वडिलांना विचारा, आजोबा त्या घोरडीबद्दल बोलताना कोणतं क्रियापद वापरत? 'खेळणे' की आणखी काही? तुम्ही काही सुचवू नका, नुसतं बोलतं करा.

हलगीवाला

मी सांगली जिल्ह्यातला. शिकलेल्या लोकांत काय बोलावं कळंना, पण लेझमीचा विषय निघाला म्हणून लिवतो.

आमच्याकडं लेझीम ढोलावर न्हाई, हलगीवर. हलगी, घुमकं आणि कैताळ, ही तीन वाद्यं एका जागी आली की लेझीमवाल्याच्या पायांत आपोआप वारं भरतंय. हलगी पुढं, घुमकं मागनं धरून ठिवतंय, कैताळ दोघास्नी बांधून घेतंय. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागती. जाळावर कातडं ताणलं की काडी पडताना 'टण्' असा आवाज येतो. थंड हलगीवर कुणी लेझीम खेळून दाखवावी, पाऊल उचलणारच न्हाई.

ताल हलगी बदलती, लेझीमवाला न्हाई. आधी संथ. मग हलगीवाला काडी फिरवतो, त्यो इशारा. रिंगणातला पुढचा गडी त्ये वळखतो, त्येच्या खांद्यावरनं मागच्याला कळतंय. तोंडानं कोण काय बोलत न्हाई. तिथं 'हुशार' न्हाई, 'आराम' न्हाई. शाळंतली लेझीम आणि जत्रंतली लेझीम ह्यो फरक.

नव्या पोराच्या हाताची पयल्या आठवड्यात कातडी जाती. अंगठा आणि बोट यांच्या मधी. वस्ताद आमाला हळद आणि तेल लावाय सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी परत उभा करायचा. त्या जागंला घट्टा पडला की म्हणायचा, "आता तू लेझीमवाला."

१९८२ साली दिल्लीत एशियाड झालं, त्येच्या उद्घाटनाला आमच्या जिल्ह्यातली लेझीम गेली हुती. मी त्येव्हा बारका. गावात एकाच्या घरी टीव्ही, त्येच्या अंगणात सगळं गाव. पडद्यावर माणसं मुंगीयेवढी दिसत हुती, पण ठोका वळखीचा हुता. २०१४ च्या २६ जानेवारीला सांगलीत सात हजारांच्या वर पोरं एकाच वेळी लेझीम खेळली, त्ये मात्र म्या डोळ्यानं बघितलं. मैदानावरचा आवाज पायाखालनं येत हुता.

मुळाचं म्हणाल तर धनुष्य असंलही. आमचा वस्ताद लेझीम डोक्यावर नेताना म्हणायचा, "वढ, अजून वढ, पाखरू बसलंय समोर." आमाला वाटायचं त्यो उगंच म्हणतोय.

शब्दवेडी

हलगीवालेदादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठले. "वढ, पाखरू बसलंय समोर"! वस्तादांनी फारसी कोश पाहिलेला नसणार. पण शिकवताना वापरायची ती ओळ गुरूकडून शिष्याकडे आली आणि तिच्यात धनुष्य टिकून राहिलं. शब्दाचा अर्थ हरवला तरी हाताला तो आठवत होता.

'हलगी'चं नातं कन्नड 'हलगे'शी आहे. तिथे हलगे म्हणजे फळीही आणि हे वाद्यही. म्हणजे तुमच्या रिंगणात फारसी लेझीम कन्नड हलगीवर खेळते आणि सगळं मिळून शंभर टक्के मराठी दिसतं. नवखा, तुम्ही हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

नवखा

वाचलं. हलगीवाल्यांचं दोनदा वाचलं. माझी तक्रार मागे घेतो.

आमच्या भागातल्या मंडळानं पाच-सहा वर्षांपूर्वी लेझीम पथक बंद करून भिंती लावल्या, ध्वनिक्षेपकांच्या. कारण विचारलं तर म्हणाले, मुलं सरावाला येत नाहीत. सरावासाठी जागा मात्र कोणी मागितलेली नव्हती. आता मला वाटतं, शब्द बाहेरचा की घरचा यापेक्षा याचं वाईट वाटायला हवं होतं.

जुनीवही

एक बारीक पुरवणी. परदेशस्थांनी सांगितलेलं 'कब्बादे' आणि 'लेज़म' या दोन नावांकडे लक्ष द्यावं. इराणमध्ये आज झूरखान्यात कब्बादे हे नाव चालतं. लेज़म हा शब्द फारसी असूनही तो रोजच्या वापरात आहे तो हिंदुस्थानात, त्यातही मुख्यतः महाराष्ट्रात. माहेरी जुन्या कोशात राहिलेला शब्द सासरी रोज हाक मारायला वापरला जातो, असं पुष्कळ शब्दांचं होतं. शिवाय त्याचा अर्थ आपल्याकडे थांबला नाही : सरावाचं धनुष्य, मग कसरतीचं साधन, मग ती कसरत, मग तिची कवायत, मग रिंगणातला खेळ, आणि आता कोयंड्याची ती खुळखुळणारी वस्तू. शाळेच्या कपाटावर 'लेझीम : ४० नग' लिहिलेलं असतं आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'लेझीम : इयत्ता सातवी'. पहिली मोजता येते, दुसरी बघावी लागते.

आजोळ

लिंगाबद्दल कोणी बोललं नाही. ती लेझीम हेच बरोबर ना? हल्ली 'ते लेझीम' ऐकू येतं.

शब्दवेडी

कोशात स्त्रीलिंगी. उर्दूतही स्त्रीलिंगी. 'लेझीम नृत्य' असा जोडशब्द रूढ झाल्यापासून 'ते लेझीम' कानावर येतं, कारण मनात 'ते नृत्य' असतं. मी 'ती'च म्हणते.

कृष्णाकाठ

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. परत गावी जाऊन आलो आणि मग लिहायला बसलो.

मास्तर, तुमच्या सांगण्याप्रमाणे वडिलांना काही न सुचवता विचारलं. संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. म्हटलं, आप्पांचा दिवस कसा असायचा? ते सांगत गेले. पहाटे उठायचे, तालमीत जायचे, जोर काढायचे, जोडी फिरवायचे, "आणि मग लेझीम करायचे". मी थांबलो. थोड्या वेळानं विचारलं, आणि गावच्या जत्रेत? म्हणाले, "जत्रेत सगळे लेझीम खेळायचे. पण ती वेगळी, तालमीच्या खोलीतली. ही घरची कोणाला देत नसत."

तालमीत करायचे, जत्रेत खेळायचे. दोन वस्तू, दोन क्रियापदं, एकच माणूस. वडिलांना यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र लगेच फोनमध्ये लिहून ठेवलं.

हलगीवालेदादा, तुम्ही सांगितलेली जागाही पाहिली. आप्पांच्या अंगठ्याजवळ तसा घट्टा होता का, विचारलं. वडिलांनी स्वतःचाच उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताचं बोट बरोबर त्या खोबणीत ठेवलं. "इथं. आम्हाला लहानपणी गालावरून हात फिरवला की टोचायचा."

लेझीम लोहाराकडे नेली होती. चकत्या रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून सुट्या केल्या. अकरा निघाल्या, तीन पार गेल्या होत्या. साखळीच्या दोन कड्या बदलाव्या लागल्या. बांबूला हात लावू दिला नाही, नुसतं जवसाचं तेल पाजलं. मधली कडी तशीच ठेवली.

घरी आणून वडिलांच्या हातात दिली. त्यांनी उभं राहायचा हट्ट धरला. मी मागे उभा राहिलो. डाव्या हातात काठी, उजव्या हातात कडी, आणि एकदाच छातीपासून बाहेर ओढली. पुरी उघडली नाही, अर्ध्यावर थांबली. चकत्या वाजल्या. शेजारची दोन पोरं धावत आली.

वडील कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज बदललाय. नव्या कड्या अजून बसायच्यात."